फोटो कुणाच्या नावावर?

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. ही बातमी आली त्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चेला नुसता ऊत आला होता. आपल्याकडेही हे व्हायलाच पाहिजे, पोरं हाताबाहेर गेली, मोबाइलने वाटोळं केलं, वगैरे. चर्चा ऐन रंगात असताना एका चुलतभावाने मध्येच आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो टाकला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मावळा झालेला, संवाद विसरून रंगमंचाच्या मधोमध रडणारा, काजळाची मिशी गालभर ओघळलेली. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक माझा होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो तिघांच्या स्टेटसवर गेला, आणि त्या तिघांतले दोघे दिवसभर बंदीच्या बाजूने तावातावाने बोलत होते. त्या पोराकडे ना फोन आहे ना खातं. ज्याला दाराबाहेर ठेवायचं म्हणून आम्ही भांडलो, त्याला कडेवर घेऊन आम्हीच आत नेऊन बसवलं होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कुटुंबाच्या फोटोंवरून आपल्याकडे जो वाद चालतो तो दोन्ही बाजूंनी चुकीचा चालतो. एक बाजू म्हणते, सगळा दिखाऊपणा आहे. दुसरी म्हणते, आमचं घर, आमचा फोटो, तुमच्या का पोटात दुखतं? एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या दोघांचं एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत आहे: घर म्हणजे एक माणूस. त्या माणसाने मिरवावं की नाही, एवढाच काय तो प्रश्न. पण घर एक माणूस कधी होतं? फोटो टाकणारा एक असतो, फोटोत दिसणारे चार असतात, आणि पुष्कळदा त्या चौघांना आपला फोटो कुठे कुठे गेला हे तिसऱ्याच कुणाच्या तोंडून कळतं. ‘आमचा फोटो’ म्हणताना त्या ‘आमचा’त कोण कोण धरलंय, हे विचारल्याशिवाय हा वाद इंचभर पुढे सरकणार नाही.

दिखाव्याचा आरोप आधी बाजूला करू. मिरवणं फेसबुकने शिकवलं असं ज्यांना वाटतं त्यांनी घरातला सर्वांत जुना फोटो काढून पाहावा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती. नारायण दाजींसारखी मराठी माणसं पहिल्याच पिढीत कॅमेऱ्यामागे उभी होती. तिथून ही कला तालुक्याच्या गावापर्यंत आली तेव्हा सोबत रंगवलेला पडदाही आला. पडद्यावर कमानी, संगमरवरी जिना, मागे तळं. बाजूला उंच तिपाईवर फुलदाणी. शेणाने सारवलेल्या घरातला माणूस त्या जिन्यापुढे स्टुडिओतलाच कोट घालून उभा राही. मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून हात गुडघ्यावर असा ठेवायचा की बाही आपोआप वर सरकावी. जत्रेत तर पुठ्ठ्याचं विमान असे. त्यात बसून फोटो काढलेली आणि जन्मात विमानात न बसलेली माणसं आमच्या गावात गल्लोगल्ली होती. त्याला कुणी खोटेपणा म्हटलं नाही. हौसेला मोल नाही, म्हटलं. मग आज कुणी भाड्याच्या फार्महाउसच्या पायऱ्यांवर पोराचा वाढदिवस केला तर आपण नाक का मुरडावं? चांगलं दिसावंसं वाटणं हा गुन्हा असेल तर आपल्या भिंतींवरचे सगळे पूर्वज त्यात आरोपी आहेत.

त्या जुन्या फोटोंत मला खटकतं ते दुसरंच. खुर्ची एक किंवा दोन, त्यांवर कोण बसणार ते ठरलेलं. कर्ता पुरुष मध्ये, त्याची आई शेजारी, सुना मागे उभ्या, पदर डोक्यावर, नजर खाली. बरीच घरं अशी की विधवा आत्या फोटोत नाहीच. ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती. फोटो कधी काढायचा, कुणाला बोलवायचं, कुणाला कुठे उभं करायचं हे सगळं एक जण ठरवत होता, आणि बाकीच्यांचं काम होतं हलायचं नाही. आपण तो पडदा फेकून दिला, कोट फेकून दिला, खुर्चीही गेली. ठरवणारा मात्र राहिला. फक्त आता तो खुर्चीत बसत नाही, हातात फोन धरून समोर उभा असतो.

माझे वडील तलाठी होते, त्यामुळे आमच्या घरात सातबाऱ्याची भाषा पाढ्यांसारखी कानावर पडायची. त्यात एक शेरा असे: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की सगळ्या वारसांची नावं चढवण्याऐवजी थोरल्या भावाचं नाव लागायचं आणि पुढे हा शेरा. अर्थ असा की जमीन सगळ्यांची, हा नुसता सांभाळणारा. पण सांभाळणाऱ्याचंच नाव कागदावर, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावाने, पाण्याची पाळी त्याच्या नावाने. वीसेक वर्षांत त्याला स्वतःलाही मनापासून वाटू लागायचं की हे माझंच आहे. लबाडी दर वेळी असेच असं नाही. पुष्कळदा निव्वळ सवय असायची. मग धाकटा एक दिवस चावडीवर येऊन विचारायचा, “अण्णासाहेब, आमचं नाव कुठाय?”, आणि थोरला खरोखर दुखावला जायचा: “तुझ्यासाठीच तर राबलो!” घरातल्या फोटोंचंही आज असंच ए.कु.मॅ. झालेलं आहे. ज्याच्या फोनमध्ये फोटो, त्याच्या नावावर सगळं घर. तो प्रेमानेच टाकतो, यात मला शंका नाही. प्रेमाने टाकणं आणि हक्काने टाकणं यांतला फरक त्याला दिसत नाही, एवढंच.

बहिणींचं काय व्हायचं तेही सांगते, कारण इथे साम्य अधिक बोचरं आहे. बहिणींची नावं ‘इतर हक्का’च्या रकान्यात जात. पुढे २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी गावोगाव हक्कसोडपत्रं होतच राहिली. बहीण रक्षाबंधनाला यायची, तालुक्याला जाऊन सही करायची, भाऊ साडी घ्यायचा. तिने ‘नाही’ म्हटलं नाही हे खरं. पण माहेर तुटण्याच्या भीतीने न उच्चारलेल्या ‘नाही’ला आपण संमती म्हणायचं का? सहलीतल्या फोटोत कडेला उभी असलेली सून, भाऊबीजेच्या रीलमध्ये तीनदा ओवाळायला लावलेली बहीण, ‘हस की जरा’ म्हणून ओरडा खाऊन हसलेलं पोर, यांच्यापैकी कुणीही ‘नाही’ म्हटलेलं नसतं. फोटोतलं हसू हे हक्कसोडपत्र धरून आपण मोकळे होतो.

या वादात आपली नजर किती भलतीकडे आहे याचा एक पुरावा देते. गेल्या काही वर्षांत बऱ्याच ज्ञातिसंस्थांनी आणि समाजाच्या बैठकांनी प्री-वेडिंग शूटवर बंदीचे ठराव केले. लग्नाआधी मुलगा-मुलगी समुद्रकिनाऱ्यावर हातात हात घालून फिरतात, आणि तो व्हिडिओ भर मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवतात, हे संस्कृतीत बसत नाही म्हणून. खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. कर्ज काढून असल्या गोष्टी करू नयेत. पण जरा विचार करा. एका लग्नघरात निघणाऱ्या हजारो फोटोंपैकी दिसणाऱ्या माणसांनी आधी विचार करून, कपडे निवडून, वेळ ठरवून, स्वतःच्या राजीखुशीने काढलेले फोटो कोणते? बहुतेक वेळा हेच. आणि समाजाने बंदी घातली ती नेमकी यांच्यावर! त्याच मांडवात पाठवणीच्या वेळी रडून रडून नाक लाल झालेल्या नवरीच्या आईच्या तोंडावर कॅमेरा रोखलेला असतो, त्याबद्दल आजवर कुठल्याही समाजाचा ठराव माझ्या पाहण्यात नाही. बाळाच्या नागड्या अंघोळीचे फोटो सर्रास चालतात. आक्षेप आहे तो दोन सज्ञान माणसांनी स्वतःला कसं दाखवावं यावर.

आता विरुद्ध बाजूचं. तिथे काही मुद्दे असे आहेत की त्यांना हसण्यावारी नेणाऱ्याने या विषयावर बोलूच नये.

पहिला मुद्दा अंतराचा. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूला, आईवडील मिरजेत. नातवाचं पहिलं पाऊल, पहिला दात, बोरन्हाण हे सगळं आजी-आजोबा फोटोतूनच जगतात. ज्या घरांत भेट दोन वर्षांतून एकदा होते, तिथे फोटो हीच भेट. मान्य, शंभर टक्के मान्य. पण हा युक्तिवाद किती माणसांपुरता पुरतो? आजी-आजोबा, काका, मावश्या, धरून चाला वीस. त्या विसांसाठी फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, घरचा ग्रुप आहे. आजीचं नाव पुढे करून आपण तो फोटो जेव्हा नऊशे जणांपुढे ठेवतो, तेव्हा उरलेल्या आठशे ऐंशींचं आजीशी नातं काय? आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आजीवरही फार विसंबून चालत नाही. आमच्या एक काकू नातवाचा प्रत्येक फोटो पाच मिनिटांत स्टेटसला लावतात. तो गॅस एजन्सीच्या माणसापासून भजनी मंडळाच्या पेटीवाल्यापर्यंत सगळे बघतात. काकूंना वाटतं स्टेटस म्हणजे देव्हारा, आपला आपल्यापुरता.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे, आणि बाई म्हणून मला तो टाळता येत नाही. ‘काय मेलं सारखं फोटो टाकत असतात’ हा टोमणा नव्वद टक्के वेळा बायकांच्याच वाट्याला येतो. कॅमेरा घरात होता तेव्हा तो पुरुषांच्या गळ्यात होता. ३६ फोटोंच्या रोलमधले किती, कुणाचे, कुठे काढायचे हे त्यांनी ठरवलं. आज पहिल्यांदा घरातली बाई घराचं चित्र स्वतःच्या हाताने रंगवते आहे. तिने केलेल्या पुरणपोळ्या, तिने शिवलेला परकर, तिने भरवलेला हळदीकुंकवाचा थाट, हे सगळं काम शतकानुशतकं कुणाला दिसलंच नव्हतं. ते दिसू लागताच ‘दिखावा’ हा शब्द आठवावा, हा योगायोग म्हणायचा का? मी तिच्या बाजूने आहे. पण जिला न विचारता मागे उभं केलं गेलं, जिचा पदर दुसऱ्याने सारखा केला, तिला तरी हे कळायला हवं की न विचारता कुणाला चौकटीत ओढणं म्हणजे काय. पोळीचा फोटो तिचा आहे. पोळी खाताना तोंडभर गूळ माखलेली, तेरा वर्षांची, नुकतीच पाळी आलेली, स्वतःच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांनी हैराण झालेली मुलगी हा तिचा पदार्थ नाही.

तिसरा मुद्दा असा की त्यापुढे मी थोडा वेळ गप्पच बसले. मराठवाड्यातल्या एका दलित वस्तीत वाढलेली माझी एक मैत्रीण आहे, आता प्राध्यापक. तिच्या घरी आजोबांचा एकही फोटो नाही. आजीचा एकच आहे; संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला लावायला काढलेला. आजी गेल्यावर तोच मोठा करून घेतला. मोठा केल्यावर तो इतका पसरला की डोळ्यांच्या जागी नुसते करडे डाग. “तुम्हा लोकांच्या भिंती भरलेल्या होत्या, म्हणून तुम्हाला आता फोटोंचा कंटाळा येतो,” ती म्हणाली. तिची लेक पदवीधर झाली तेव्हा तिने विद्यापीठाच्या दारापुढे आख्ख्या खानदानाला उभं करून फोटो काढला आणि जगजाहीर केला. ज्यांना चारचौघांत दिसूच दिलं नाही त्यांनी ठळकपणे दिसणं, यात एक राजकारण आहे आणि ते योग्य राजकारण आहे. सुटाबुटातल्या बाबासाहेबांचा फोटो घराघरांत लागला तो काही सजावट म्हणून नव्हे. या मुद्द्याला माझ्याकडे खंडन नाही. मात्र तिला मी विचारलं, लेकीला विचारलं होतंस का टाकण्याआधी? ती उडालीच. “म्हणजे काय? आजीला काय विचारलं होतं का कुणी? खुर्चीत बसवली, वर बघ म्हणाले. ते मी माझ्या पोरीशी करू?”

आणखी एक आक्षेप येतो, की यात नवीन काय? पालथं झोपवून काढलेला बाळाचा उघडा फोटो पूर्वीही बैठकीत लावलेला असे, आलागेला तो बघतच होता. बरोबर. पण तो बघणारा घरात आलेला असे. त्याला चहा दिलेला असे. अल्बम गोदरेजच्या कपाटातून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाहेर यायचा, आणि दाखवणारी आई शेजारी बसून पानं उलटायची. एखाद्या पानावर बोट न थांबता पुढे सरकलं की पाहुण्याला कळायचं, इथे विचारायचं नाही. आणि तोच मुलगा चौदा वर्षांचा झाला, मित्र घरी यायला लागले, की एक दिवस ती तसबीर खिळ्यावरून गुपचूप उतरायची. प्रत एकच होती. ती कपाटात गेली की विषय संपला. आज ती तसबीर कुठल्या खिळ्यावरून उतरवायची? २०२४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने दाखवून दिलं की कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायला वापरलेल्या एका प्रचंड चित्रसंचात ब्राझीलमधल्या मुलांचे १७० फोटो सापडले; त्यांत घरगुती ब्लॉगवरचे, मोजक्या लोकांनी पाहिलेले फोटोही होते. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे असेच १९० सापडले. टाकणाऱ्या आईवडिलांच्या लेखी ते चार नातेवाइकांपुरते होते.

तरीही मी हा वाद भीतीवर उभा करणार नाही. आसाम पोलिसांनी २०२३ मध्ये पालकांनी मुलांचे फोटो सरसकट टाकू नयेत म्हणून मोहीम काढली, ती चांगलीच होती. पण भीतीचा युक्तिवाद एक चोरवाट ठेवतो: गैरवापर होणार नसेल तर मग टाकायला हरकत नाही ना? खातं खासगी केलं, बाळाच्या तोंडावर बदाम चिकटवला, झालं. (तो बदाम ही आजची तीट. दृष्ट लागू नये म्हणून लावतात की ओळख पटू नये म्हणून, हे लावणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसावं.) समजा जगातले सगळे चोर, विकृत आणि कंपन्या उद्या नाहीशा झाल्या. रडणाऱ्या मावळ्याचा फोटो तेव्हा टाकावा का? माझं उत्तर तेव्हाही तेच. त्याची फजिती त्याची होती. ती सांगायची की नाही, कधी, किती मीठ-मसाला लावून, हे त्याने ठरवायचं होतं.

कायद्याकडे पाहावं तर तिथेही घर हा एकच माणूस. अमेरिकेत १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला, कुणीही कुणाचाही फोटो काढू लागलं, आणि दोनच वर्षांत, १८९० साली, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांचा रोख झटपट फोटो काढणाऱ्यांवर आणि वर्तमानपत्रांवर होता. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तिथे समोर सरकार होतं. म्हणजे धोका नेहमी उंबऱ्याबाहेरून येतो. मग २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. तो १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची संमती घ्या म्हणतो, आणि एखाद्याने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला आपण लागू नाही असंही म्हणतो. मुलाच्या वतीने हो म्हणणारा पालक, आणि फोटो टाकणाराही पालकच. ए.कु.मॅ.चाच शेरा, दुसऱ्या शाईत.

गंमत म्हणजे जमिनीच्या बाबतीत आपणच याहून शहाणे होतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार मुलाच्या स्वतःच्या नावावरची जमीन सख्ख्या बापालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. बापाचं प्रेम कायद्याने नाकारलेलं नाही. प्रेम आहे म्हणून मालकी येत नाही, एवढंच म्हटलं. सातबाऱ्यावर अशा मुलाच्या नावापुढे अ.पा.क. असा शेरा लागतो, अज्ञान पालन कर्ता. मूल १८ वर्षांचं झालं की वयाचा दाखला जोडून अर्ज करायचा, तलाठी फेरफार धरतो, मंडळ अधिकारी मंजूर करतो, शेरा कमी होतो. ही ‘शेरा कमी करण्या’ची कामं वडिलांना आवडायची. दहावी-बारावी झालेली पोरं नवीन सदरा घालून यायची म्हणायचे. पाच गुंठे माळरानासाठी आपण एवढी तजवीज ठेवली. चेहऱ्यासाठी काय ठेवली?

‘लहान मुलाला काय कळतं’ हे उत्तर मला म्हणूनच पटत नाही. काही कळत नाही म्हणून तर पालनकर्ता असतो, आणि पालनकर्त्याला हिशेब द्यावा लागतो. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा केला: मुलाच्या छबीच्या हक्काचं रक्षण आईबापांनी मिळून करायचं आणि मुलाच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्यालाही त्यात सामील करून घ्यायचं. दोघांचं पटलं नाही तर एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय फोटो टाकायला न्यायाधीश मनाई करू शकतो. आपल्या स्वयंपाकघरात न्यायाधीश यावा असं मला मुळीच वाटत नाही. कोर्टाच्या तारखांचा आपला अनुभव पाहता पोराचं लग्न होईल तोवर. पण ‘सामील करून घेणं’ याला कोर्ट लागत नाही. कमाईचा मामला असेल तिथे मात्र कायदा हवाच. सेटवर काम करणाऱ्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, कमाईतला किमान २० टक्के हिस्सा त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा असा २०१७ चा नियम आहे. तेच पोर घरच्या हॉलमध्ये आईच्या चॅनेलसाठी अकराव्यांदा नाचत असेल तर घड्याळ कोण लावणार?

मुलांबद्दल निदान कुणीतरी बोलतं. म्हाताऱ्यांबद्दल कुणीच नाही, आणि मला वाटतं सर्वांत मोठा अन्याय तिथेच होतो आहे. माझी एक आत्या आयुष्यभर नऊवारीत वावरली. दारावर वाणी आला तरी आधी केसांवरून हात फिरवून, कुंकू ठीक करून मगच बाहेर यायची. अशी ही बाई शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या झग्यात, दात काढलेले, नाकात नळी, केस मोकळे, अशी दोन-तीनशे लोकांनी पाहिली. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या माईसाठी प्रार्थना करा.’ टाकणारा तिचा मुलगा, आणि त्याने तिच्या सेवेत रात्रीचा दिवस केला होता. त्याच्या मायेवर बोट ठेवायची माझी प्राज्ञा नाही. शंभरावर लोकांनी हात जोडले. पण आत्या त्या फोटोत शुद्धीवर होती. मुलगा फोन काढताना तिने काय पाहिलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. मुलांना निदान मोठं होऊन जाब विचारता येतो. तिला तेवढीही मुदत नव्हती. आणि ती गेल्यावर श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर लावायला चांगला फोटो शोधता शोधता घरच्यांची धावपळ झाली. शेवटी एका लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढली. शेजारच्या बाईचा खांदा तेवढा राहिला.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मी माझे स्वतःचे फोटो तपासायला बसले. गेल्या बारा वर्षांत भाचरांचे म्हणून मी टाकलेले फोटो दोनशेच्या वर निघाले. पैकी विचारून टाकलेला एकही नाही. भाची आता सतराची आहे. तिला यादी पाठवली. तिने उत्तर दिलं, “मावशी, सहावीतला तो दात पडलेला काढ, बाकीचे राहू दे. आणि तो काढ म्हणून मी तुला आठवीत सांगितलं होतं.” मला आठवत नव्हतं.

मग आईचा नंबर. तिच्या पंच्याहत्तरीचे फोटो महिनाभर माझ्या फोनमध्ये पडून होते. मी त्यांतला एक निवडून ठेवला होता: पैठणीतली, ओवाळणीच्या उजेडात, शांत. तिला दाखवला आणि विचारलं, हा टाकू का?

“कोण कोण बघणार?”

मी सांगायला लागले आणि दहा नावांनंतर अडखळले. तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला, आणि बोटाने सगळे फोटो मागे-पुढे करत बसली. चांगली वीस मिनिटं. शेवटी एकावर थांबली. त्यात ती आणि मावशी जेवणाच्या पंगतीत बसलेल्या, दोघींची तोंडं हसून हसून उघडी, आईची कवळी किंचित सुटलेली, पानात अर्धवट खाल्लेली जिलबी. मी तो कधीच टाकला नसता.

“हा टाक,” म्हणाली. फोन परत देताना पुन्हा एकदा जवळ धरून पाहिलं. “पण थांब. मावशीला विचार आधी. तिचे डोळे मिटलेत.”